नुवुर्याक ते तुल्लिक, सव्वा तास

१

नुवुर्याकहून तुल्लिकला येणारं विमान मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी अकराला उतरायचं. अंतर तीनशे चौऱ्याऐंशी किलोमीटर, वेळ सव्वा तास. वारा पाठीशी असला तर पाच मिनिटं इकडे, समोरून असला तर पाच मिनिटं तिकडे. हे आकडे विमानतळावरच्या लीतियाच्या खोलीत भिंतीला टाचलेल्या कागदावर लिहिलेले होते, पण कागदाकडे बघायची वेळ तिच्यावर सव्वीस वर्षांत आली नव्हती. मुलीचा वाढदिवस ती एखाद्या वर्षी विसरली असेल, हे आकडे कधी नाही.

विमानतळ म्हणजे काय, खडीची एक धावपट्टी, एक पत्र्याची शेड आणि लीतियाची ही खोली. दर तासाला दाराबाहेर जाऊन आकाश बघायचं. ढग किती, वारा कुठून आणि नजर कुठवर पोचते ते वहीत लिहायचं आणि रेडिओवरून नुवुर्याकला कळवायचं, एवढं तिचं काम. नजर मोजायला खिडकीशेजारी हाताने काढलेला एक नकाशा होता. कुबडी टेकडी दिसली की तीन किलोमीटर, समुद्राच्या बर्फातलं काळं बेट दिसलं की बारा. लीतियाने 'धुकं' म्हटलं की नुवुर्याकहून विमान उडत नसे. वैमानिक स्वतःच्या डोळ्यांवर ठेवणार नाहीत एवढा विश्वास तिच्या शब्दावर ठेवायचे. ती बाई टेकडीला टेकडी म्हणायची आणि धुक्याला धुकं, आणि या एका गोष्टीचा तिला अभिमान होता.

विमान उतरलं की लोक तिच्या खोलीत चहाला यायचे आणि ती दारातच प्रत्येकाला विचारायची, "किती झोपा?"

हा तिच्या आजोबांचा प्रश्न. उत्तर ध्रुवाकडच्या त्या मुलखात पूर्वी मैल कुणाला ठाऊक नव्हते. वाटेत किती वेळा झोपावं लागलं, त्यावरून गाव जवळ की लांब ते ठरायचं. कुत्र्यांच्या गाडीने, खाड्यांना वळसे घालत, नुवुर्याकहून तुल्लिकला नऊ झोपा लागत. आता सव्वा तासाच्या प्रवासाला हा प्रश्न विचारायचा म्हणजे थट्टाच, आणि लोकही तशीच उत्तरं द्यायचे. कुणी म्हणायचं, अर्धी झोप झाली, शेजारचा घोरत होता म्हणून उरलेली राहिली. दुकानवाला म्हणायचा, झोप कसली, पाय पोटात घेऊन बसलो होतो.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी म्हातारा जोआमी आला. तो शिकारी, नुवुर्याकला चष्मा करायला गेला होता. चहाचे दोन मग त्याने उभ्याउभ्याच रिकामे केले आणि तिसऱ्यासाठी हात पुढे करत म्हणाला, "एक."

"एक काय?"

"एक झोप. तूच विचारलंस ना?"

जोआमी थट्टा करणाऱ्यांतला नव्हता. आयुष्यात तो दोनदा हसला आणि दोन्ही वेळा एकटाच होता, असं गावात म्हणायचे. लीतियाने त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याच्या भुवयांवर हिमाचा थर होता. विमानात ऊब असते, विमानापासून तिच्या दारापर्यंत पावलं चाळीस, आणि वसंतातली बाहेरची थंडी म्हणजे जोआमी अंगरख्याची गुंडी उघडी टाकून फिरतो अशी. तेवढ्यात भुवया गोठत नाहीत. तिने घड्याळ पाहिलं आणि वही पाहिली. उड्डाण नऊ पंचेचाळीस, उतरलं अकराला.

म्हातारा झालाय, तिने मनाशी म्हटलं आणि मग धुवायला घेतले.

२

शुक्रवारी शाळेतल्या मिआलीबाई आल्या, "दोन" म्हणाल्या आणि बाकावर बसून बूट काढून तळवे चोळायला लागल्या. बाईंचा चेहरा उन्हाने तांबडा-काळा पडला होता आणि डोळ्यांभोवती तेवढी गोरी वर्तुळं राहिली होती, बर्फावर दिवसचे दिवस काळा चष्मा लावून फिरणाऱ्याची राहतात तशी. मंगळवारी जाताना त्या पांढऱ्याफटक होत्या. लीतियाने विचारलं, नुवुर्याकला बर्फावर हिंडलात का? बाई म्हणाल्या, छे, तीन दिवस वर्गात मीटिंगच चालू होत्या. मग गालाला हात लावून पाहिला आणि जरा गोंधळून म्हणाल्या, वाटेत ऊन फार होतं.

संध्याकाळी दुकानात लीतियाने पुन्हा तोच विषय काढला, तेव्हा बाईंना काही आठवतच नव्हतं. झोपा? अहो, सव्वा तासात कसल्या झोपा?

सायमोनी हा लीतियाचा धाकटा दीर. धावपट्टीवरचा बर्फ ढकलायचं यंत्र तो चालवायचा, आणि उरलेला वेळ वहिनीची थट्टा करण्यात घालवायचा. तिने त्याला सगळं सांगितलं तेव्हा तो खुर्चीवर रेलून हसला.

"वहिनी, सव्वीस वर्षं तू लोकांना पकवलंस. आता त्यांनी तुला पकवायला घेतलंय. बस."

असेलही. सूर्य मावळायचा बंद झाल्याला तीन आठवडे होत आले होते. या दिवसांत सगळ्यांचीच झोप उडते, मुलं पहाटे तीनला चेंडू खेळतात, माणसं जेवणाच्या वेळा विसरतात. अशात कुणाला स्वप्न कुठलं आणि दिवस कुठला ते कळलं नाही तर नवल नाही. लीतियाने ते पटवून घेतलं.

पण एक गोष्ट तिने सायमोनीला सांगितली नव्हती. विमान नव्वद किलोमीटरवर आलं की वैमानिक रॉस रेडिओवर हाक देतो. उडाल्यापासून साधारण अठ्ठावन्नाव्या मिनिटाला. त्या शुक्रवारी त्याच्या आवाजाच्या मागे इंजिनाची घरघर होती, आणि घरघरीच्याही मागे आणखी काहीतरी होतं. खर्र, खर्र, मग थांबून पुन्हा खर्र. रेडिओत खरखर असते, नाही असं नाही. पण ही खरखर तिच्या ओळखीची होती. घट्ट बर्फाचे चिरे कापताना लांब सुरा असाच वाजतो. मुक्कामाला बर्फाचं घर बांधायचं असलं की तिचे आजोबा असेच चिरे कापायचे, आणि ती पाच वर्षांची पोर शेजारी उभी राहून मोजायची.

३

आता त्या प्रवासाचं सांगितलं पाहिजे.

लीतिया पाच वर्षांची असताना तिच्या घरच्यांनी नुवुर्याक सोडलं आणि कुत्र्यांच्या गाडीने ते तुल्लिकला आले. नऊ झोपांनी आले. सातव्या झोपेनंतर तिच्या आजीचे, उकालिकचे, पाय सुजून बुटात मावेनात. खायला उरलं होतं ते पोरांपुरतं. आजी बर्फाच्या घराच्या दाराशी बसून म्हणाली, तुम्ही हलके होऊन पुढे जा, मी येते सावकाश. आजोबांनी काही तिला ओढून गाडीवर घातलं नाही. अशा वेळी म्हाताऱ्या माणसाचा शब्द मोडत नाहीत. लीतिया गाडीवर उलटी बसली होती. आजी ठिपक्याएवढी होईपर्यंत ती मागे बघत राहिली, आणि हे तिने पुढे कधी कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही आणि मुलीलाही नाही.

नंतर आजोबा तुल्लिकमध्ये येणाऱ्या प्रत्येक माणसाला गाठून विचारायचे, किती झोपा? लोकांना वाटायचं, म्हातारा रीत पाळतोय. खरं म्हणजे हा माणूस त्या वाटेने आला का, आणि वाटेत त्याला कुणी भेटलं का, एवढंच त्यांना हवं असायचं. ते गेल्यावर प्रश्न लीतियाकडे आला, आणि तिच्या तोंडी त्याची थट्टा झाली.

रविवारी नुवुर्याकच्या दवाखान्यातून फोन आला. लीतियाची एकुलती एक मुलगी पित्सिउला बाळंतपणासाठी महिनाभर तिथे होती. तुल्लिकमध्ये बाळंतपणाची सोय नाही, सगळ्याच पोरी विमानाने जातात आणि कुशीत गाठोडं घेऊन परत येतात. मुलगी झाली होती. पित्सिउला दमलेल्या आवाजात म्हणाली, "आई, मी तिला उकालिक म्हणणार आहे."

लीतियाला रडू आवरेना. त्यांच्यात गेलेल्याचं नाव बाळाला दिलं की ते माणूसच परत आलं असं धरतात आणि त्याच नात्याने हाक मारतात. बारा पौंड वजनाच्या आजोबाला कडेवर घेऊन फिरणाऱ्या बायका तुल्लिकमध्ये दर घरी होत्या. तेव्हा आता ही दोन वितींची पोर लीतियाची आजी झाली.

"आजीला दूध पाजलंस का?" तिने डोळे पुसत विचारलं.

"तुझी आजी खादाड आहे," पित्सिउला म्हणाली. "आणि तापटसुद्धा."

त्या दिवशी सायमोनीने गावभर मिठाई वाटली. लीतियाने बाळासाठी सशाच्या कातड्याची टोपी शिवायला घेतली. पंधरवड्यात दोघी घरी येणार होत्या.

४

मंगळवारी तीन झोपा. शुक्रवारी पाच.

शुक्रवारी नुवुर्याकच्या मावशीने लीतियासाठी मासे पाठवले होते. आठ मासे, गोठवलेले, पिशवीत बांधून सायमोनीच्या मित्राबरोबर. मावशीने फोनवर मोजून सांगितले होते. पिशवी आली, गाठ तशीच होती, आणि आत आठ माशांचे काटे होते, स्वच्छ चोखलेले. तो मित्र ओशाळून म्हणाला, वाटेत भूक लागली. मग स्वतःच आश्चर्याने पिशवीकडे बघत राहिला. खिडकीबाहेर रॉस विमानाच्या पायरीवर बसून बाटलीने पाणी पीत होता. एक संपवून त्याने दुसरी उघडली. त्याचे ओठ वाऱ्याने फुटून त्यांना भेगा पडल्या होत्या, आणि हा माणूस सगळा वेळ काचेच्या आत बसून आला होता.

यात कुणाला त्रास झाला, कुणी घाबरलं, असं मात्र काही नव्हतं. उलट सगळे दुपारच्या झोपेतून उठल्यासारखे शांत दिसायचे, हळू बोलायचे, आणि घरी जाऊन आंघोळ करून आले की त्यांच्या लेखी तो पुन्हा नेहमीचा सव्वा तास झालेला असायचा. फक्त उतरल्या-उतरल्या, चहाच्या पहिल्या मगापर्यंत त्यांना ते आठवत असे. आणि तेव्हा विचारणारी एकटी लीतिया होती.

"मग विचारू नकोस ना," सायमोनी म्हणाला. या वेळी तो हसला नाही. "तू विचारतेस म्हणून ते सांगतात."

तिला ते पटलं. पुढच्या मंगळवारी ती दारात उभी राहिली आणि तोंड मिटून नुसतीच मान हलवली. पहिलाच आला दुकानवाला. तिच्या हातातून मग घेत तो म्हणाला, "सात." त्याच्या मागच्या बाई म्हणाल्या, "सात." त्यांचा तीन वर्षांचा नातू तिच्याकडे मान वर करून बघत म्हणाला, "सात. आणि एक आजी होती."

"कुठे होती?"

"बसली होती," पोर म्हणालं, आणि बिस्कीट मागितलं.

लीतियाने त्याला बिस्कीट दिलं आणि उतारूंची यादी काढली. येत्या शुक्रवारच्या यादीत पित्सिउलाचं नाव होतं. तिने त्याच दुपारी फोन लावला आणि म्हणाली, इतक्यात येऊ नकोस, ऑगस्टात बोटीने ये. पित्सिउलाला हसू आवरेना. ऑगस्ट? दवाखान्याच्या वसतिगृहातली खाट शुक्रवारी दुसरीला द्यायची आहे, तुझ्या मावशीच्या घरात जागा नाही, आणि बोटीला आठवडा लागतो, विमानाला सव्वा तास. कारण काय ते तरी सांगशील?

कारण काय सांगणार? बर्फात वाढलेली, हिशेबी, रोज आकाश मोजणारी बाई ती. बारा दिवसांचं बाळ नऊ झोपा बर्फावर काढेल याची मला भीती वाटते, असं ती विमानाने येणाऱ्या मुलीला कोणत्या तोंडाने सांगणार होती? ती म्हणाली, इकडे थंडी आहे. पित्सिउला म्हणाली, आई, इकडे कधी थंडी नसते?

५

शुक्रवारी उठतानाच लीतियाने ठरवलं होतं की आज खोटं बोलायचं. आठच्या नोंदीला धुकं म्हणायचं. विमान उडणार नाही, एक फेरी तरी चुकेल, पुढचं पुढे बघता येईल. सव्वीस वर्षांत एक खोटं, तेही लेकीसाठी आणि नातीसाठी.

आठला पाच कमी असताना पित्सिउलाचा फोन आला. तिने फोन बाळाच्या तोंडाशी धरला. लीतियाला बारीक, घाईचा श्वास ऐकू आला, मधेच चुटूचुटू दूध ओढल्याचा आवाज. ही पोर आत्ता, आज, अकरा वाजता आपल्या हातात हवी, यापलीकडे तिला काही सुचेना. आणि तिचं डोकंही बाजूला उभं राहून समजावत होतं की अगं, सगळे येतात ना शेवटी? उन्हाने रापतात, भुकेले येतात, पण येतात. एकसुद्धा माणूस कमी झालेला नाही.

तिने रेडिओ उघडला आणि जे दिसत होतं तेच सांगितलं. आकाश मोकळं. वारा मंद. टेकडी दिसते, बेट दिसतं.

नऊ पंचेचाळीसला विमान उडालं. उतारू सात आणि एक तान्हं.

लीतियाने किटली ठेवली, उतरवली, पुन्हा ठेवली. सशाची टोपी मांडीवर घेऊन बसली. खिडकीबाहेर सगळं पांढरं आणि सोनेरी होतं, टेकडीवरची दगडांची रास मोजता यावी इतकं स्वच्छ. सायमोनी धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला यंत्र फिरवत होता. सव्वादहा झाले, साडेदहा झाले. काटा पुढे सरकताना ती मनात झोपा मोजत होती. सव्वा तासाचे नऊ भाग केले तर एकेक झोप आठ मिनिटांची, थोडी वरच.

दहा त्रेचाळीसला रॉसची हाक आली. "तुल्लिक, नव्वद किलोमीटर."

त्याच्या मागे इंजिनाचा आवाज नव्हता. सुरा चालत होता, खर्र, खर्र, आणि कुत्री होती, दमलेली, कण्हणारी. आणि त्या सगळ्यामध्ये एक तान्हं बाळ रडत होतं. उघड्यावरचं रडणं आणि घरातलं रडणं यातला फरक कुठल्याही बाईला कळतो. हे उघड्यावरचं होतं.

लीतियाने बटण दाबलं. आपण काय बोलतोय ते तिचं तिलाच नंतर ऐकू आलं. "तुल्लिक. धुकं आलंय. एकदम. टेकडी दिसत नाही, काहीच दिसत नाही. उतरू नका. परत फिरा."

"आत्ता तर मोकळं म्हणाला होतात," रॉस सावकाश म्हणाला. जणू त्यालाही झोप येत होती. मग म्हणाला, "हो. हो, दिसतंय मला."

आणि रडणं थांबलं. दमून थांबावं तसं नाही, कुणीतरी उचलून छातीशी धरल्यावर थांबतं तसं. लीतियाने डोळे मिटले आणि सुटकेचा श्वास सोडला.

तेवढ्यात सायमोनी धापा टाकत दारात आला. यंत्रातल्या रेडिओवर त्याने सगळं ऐकलं होतं. "कसलं धुकं, वहिनी?" त्याने खिडकीबाहेर बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि तिच्या हातातून माईक काढून घेतला. तुल्लिक मोकळं आहे, चूक झाली, या, असं त्याने तीनदा सांगितलं. चार मिनिटं पलीकडून काहीच आलं नाही. मग रॉस म्हणाला की चार घिरट्या घातल्या, आता येतो.

विमान उतरलं तेव्हा लीतियाने घड्याळ पाहिलं. चार घिरट्या घालूनही बरोबर अकरा वाजले होते.

६

पित्सिउला सगळ्यात शेवटी उतरली. तिने लीतियाने शिवलेला अंगरखा घातला होता, पाठीवर मोठी टोपी असलेला, ज्या टोपीत आया बाळ ठेवतात. तिचा चेहरा रापला होता, ओठ फुटले होते. चालताना ती पाय ओढत होती. पण हसत होती, अगदी समाधानाने हसत होती. पाठीवरची टोपी चपटी, सैल लोंबत होती.

"नऊ," ती म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

"बाळ कुठाय?"

"येतेय ना मागून." पित्सिउलाने आईचे हात हातात घेतले. तिचे हात बर्फासारखे गार होते. "सातव्या झोपेनंतर धुकं आलं बघ. इतकं दाट की मला माझी बोटं दिसेनात. मला चालवेना. तेव्हा आजी म्हणाली, दे तिला माझ्याकडे. तू हलकी होऊन पुढे जा, मी येते सावकाश."

"कुठली आजी? पित्सिउला, कुठली आजी?"

"तुझी. ती ओळखते तुला. म्हणाली, लीतिया गाडीवर उलटी बसली होती. मी दिसेनाशी होईपर्यंत माझ्याकडे बघत होती."

लीतियाने मुलीला गर्रकन वळवलं आणि टोपीत कोपरापर्यंत हात घातला. आत मूठभर कोरडा बर्फ होता.

पुढचा तासभर माणसं धावत होती. सायमोनीने विमानातल्या खुर्च्या उपटून काढल्या. सामानाची जागा, शेपटीची पोकळी, पोस्टाच्या थैल्या, सगळं उलटंपालटं झालं. नुवुर्याकहून नर्स शपथेवर सांगत होती की बाळ आईच्या पाठीवर होतं, मी स्वतः त्याची टोपी सारखी केली. बाकीचे सहा उतारू चहाचे मग धरून बसले होते, आणि चहा संपेपर्यंत त्यांच्या डोळ्यांतलं ते स्वप्न विरून गेलं. बाळ? हो, होतं की. चढताना होतं.

रॉस भिंतीला टेकून उभा होता. सायमोनी त्याला म्हणाला, तुम्ही कशाला घिरट्या घातल्या, आकाश आरशासारखं होतं, वहिनीची काहीतरी चूक झाली. रॉसने मान हलवली.

"धुकं होतं," तो म्हणाला. "लीतिया म्हणाली आणि आलं. पंखाचं टोकसुद्धा दिसत नव्हतं."

लीतियाने वही उघडली. दहा त्रेचाळीस, धुकं, नजर शून्य. अक्षर तिचंच होतं, ठसठशीत आणि सरळ, सव्वीस वर्षांच्या सगळ्या खऱ्या नोंदींसारखं.

७

दोन दिवस विमानं त्या वाटेवरून खालून उडाली. पोलीस आले, बर्फगाड्या गेल्या. नव्वद किलोमीटरवर बर्फ अखंड होता. पाऊल नाही, चिरा नाही, कुत्र्याची विष्ठासुद्धा नाही. लीतियाला कुणी एका शब्दाने बोललं नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. एकदा तिने पोलिसाला सांगायला तोंड उघडलं की ते धुकं माझं होतं. तो म्हणाला, बाई, थोडं पडा आता.

पण तिला झोप येत नव्हती. शुक्रवारची सकाळ, शनिवार, रविवारची सकाळ, सूर्य डोक्याभोवती फिरत राहिला आणि ती खिडकीत बसून राहिली. पित्सिउला घरी होती. ती जेवायची, केस विंचरायची, दूध दाटून अंगरखा भिजला की पिळून वाटीत काढून ठेवायची. शेजारणी रडायच्या तेव्हा त्यांना पाठीवरून हात फिरवून सांगायची, अगं येईल, हळू चालते ती.

रविवारी दुपारी कधीतरी लीतियाची मान खुर्चीतच कलली. किती वेळ ते तिला कळलं नाही. जाग आली तेव्हा तासाची नोंद चुकली होती. ती सवयीने उठली, बाहेर गेली, आकाश बघितलं, टेकडी बघितली, मग बेट.

बेटाच्या पायथ्याशी एक काळा ठिपका होता, आणि खिडकीजवळच्या नकाशावर तो नव्हता.

तिने दुर्बीण आणली. सील असेल, तिने स्वतःला सांगितलं. या दिवसांत सील भोकातून वर येऊन उन्हाला पडतात, लांबून माणसासारखे दिसतात. पण सील आडवा असतो, आणि हे उभं होतं. वाकलेलं, पाठीवरची टोपी उंच, भरलेली. ते हलत नव्हतं. तिने तासभर दुर्बीण लावली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, तरी ते तसूभर हललं नाही. सायमोनीला दाखवलं. त्याने बराच वेळ बघितलं, दुर्बीण खाली ठेवली, आणि वहिनीकडे न बघता म्हणाला, सीलच असेल. मग बर्फगाडी काढून सुसाट गेला. बेटाला वळसा घालून परत आला तेव्हा त्याला वाटेत काही दिसलं नव्हतं, आणि ठिपका होता तिथेच होता.

तेव्हा लीतियाला कळलं. इतकी साधी गोष्ट कळायला तिला अडीच दिवस लागले होते. सातव्या मुक्कामापासून तुल्लिक दोन झोपा. त्यातली एक तिची आत्ता खुर्चीत झाली होती.

ती घरी गेली. पित्सिउलाने तिची गादी घालून ठेवली होती, खिडकीला जाड घोंगडी लावून उजेड अडवला होता. उशाशी सशाची टोपी होती. लीतिया आडवी झाली आणि डोळे मिटले. बाळ बारा किलोमीटरवर उन्हात, बर्फात आजीच्या पाठीवर आहे आणि आपण झोपलो की ते दारात येणार आहे, या आशेने तिचा जीव कासावीस झाला. आणि तितक्याच जोराने दुसरी गोष्ट मनात आली. त्यांच्यात एका नावाचं एकच माणूस असतं. येणाऱ्या दोघींचं नाव उकालिक होतं. दाराशी दोघी पोचल्या तरी आत एकच येईल, आणि कोण आत यायचं ते ठरवणारी, मागे ठेवून दिलेली, साठ वर्षं वाट चालणारी ती म्हातारी होती. लीतियाचे डोळे टक्क उघडले.

"आई," अंधारातून पित्सिउला म्हणाली. तिने लीतियाच्या कपाळावर गार हात ठेवला आणि तो थोपटायला लागली, लहान मुलाला थोपटतात तशी. "झोप ना गं. तू झोपल्याशिवाय त्या पोचणार कशा?"